खारघरची पाटी आणि साठ लाखांचा हिशेब

पनवेलमध्ये बेने इस्रायली समाजाचं सिनेगॉग आहे, बेथ एल. ते १८४९ सालचं, म्हणजे बोरीबंदर-ठाणे आगगाडी धावली त्याच्या चार वर्षं आधीचं. जुन्या पनवेलकराला त्यात परकं असं काही वाटत नाही. आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर, पनवेलकर. घरातली भाषा मराठी. मूळ धंदा घाण्यावर तेल गाळायचा, आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून कोकणात नाव पडलं शनवार तेली. आता बहुतेक घरं इस्रायलला गेली आणि मागे थोडी माणसं राहिली. तरी 'आपल्याकडे ज्यूंना कधी त्रास झाला नाही' हे वाक्य ती माणसंही अभिमानाने सांगतात आणि आपणही सांगतो. ते खरंच आहे.

त्याच पनवेलहून लोकलने तिसरं स्टेशन खारघर. ऑगस्ट २००६ मध्ये तिथे एक रेस्टॉरंट उघडलं. नाव 'हिटलर्स क्रॉस'. पाटीवर नाझी स्वस्तिक, आत हिटलरची भलीमोठी तसबीर. मालकाला गिऱ्हाइकाच्या डोक्यात बसेल असं नाव हवं होतं आणि ते त्याला सापडलं होतं. मुंबई-ठाण्याच्या बेने इस्रायलींनी हरकत घेतली, इस्रायल आणि जर्मनीच्या वकिलातींनी नाराजी कळवली, बातमी जगभर गेली. समाजातली माणसं मालकाला जाऊन भेटली, बोलली, आणि काही दिवसांत पाटी उतरली. पुढे २०१६ साली पनवेल महानगरपालिका झाली आणि खारघर तिच्या हद्दीत आलं. म्हणजे आजच्या हिशेबाने हा प्रकार पनवेल शहरातलाच.

त्या मालकाने ज्यूंचा वंशसंहार नाकारला नव्हता. नाकारायला आधी तो माहीत असावा लागतो, मनात कुठेतरी बोचावा लागतो. इथे 'हिटलर' ही नुसती एक ठसठशीत छाप होती, जशी 'वाघ' किंवा 'रॉकेट' असते. पुढच्याच वर्षी मुंबईच्या बाजारात 'नाझी' नावाचे पलंगपोस आले आणि ते 'न्यू अरायव्हल झोन ऑफ इंडिया'चं संक्षिप्त रूप आहे असा खुलासाही आला. २०१२ साली अहमदाबादेत 'हिटलर' नावाचं कपड्यांचं दुकान निघालं. दूरचित्रवाणीवर 'हिटलर दीदी' येऊन गेली. फुटपाथवरच्या पुस्तकवाल्याकडे 'माझा लढा' व्यक्तिमत्त्व-विकासाच्या पुस्तकांच्या रांगेत मांडलेलं असतं आणि गिऱ्हाईकही त्याच हेतूने ते उचलतं.

या लेखाचा विषय त्यापुढचा आहे. साठ लाख ज्यू मारले गेलेच नाहीत, असं म्हणणाऱ्यांची एक परंपरा आहे. तिला आता ऐंशी वर्षं झाली आणि या काळात तिने प्रत्येक नव्या माध्यमाची भाषा आत्मसात केली. ती परंपरा युरोप-अमेरिकेतली, मान्य. पण मोबाइलवर युरोप आणि खारघर यांत अंतर नसतं, आणि जिथे हिटलर ही नुसती छाप असते तिथे या मालाला जकात लागत नाही.

नकाराची सुरुवात खून चालू असतानाच झाली. २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनजवळ वानझे इथे पंधरा अधिकारी जमले. त्या बैठकीच्या टिपणात ठार मारणं हा शब्द नाही. आहे तो 'पूर्वेकडे स्थलांतर'. इतर कागदांत 'विशेष वागणूक', 'पुनर्वसन'. कारकुनी भाषा हे पहिलं माध्यम. ऑक्टोबर १९४३ मध्ये एसएसप्रमुख हिमलरने पोझनान इथे आपल्या अधिकाऱ्यांना सांगितलं की हे आपल्या इतिहासातलं कधीच न लिहिलं जाणारं पान आहे. तोवर पाऊल ब्लोबेल या एसएस अधिकाऱ्याची पथकं पूर्वेकडच्या सामूहिक कबरी उकरून प्रेतं जाळत फिरत होती. पुरावा नष्ट करणं आणि मग पुरावा मागणं, या दोन्ही गोष्टी एकाच घरातल्या आहेत. पुढचं सगळं वाचताना हे लक्षात ठेवावं.

युद्धानंतर पहिली पिढी आली ती फ्रान्समधून. पॉल रासिनिए हा स्वतः बुखेनवाल्ड आणि डोरा या छावण्यांतला कैदी. त्या दोन्ही छावण्या ज्यूंना विषारी वायूने सामूहिक रीतीने मारण्यासाठी उभारलेल्या नव्हत्या. मी तिथे होतो, मला तसं दिसलं नाही, ही त्याची मांडणी. १९५० मध्ये पुस्तक आलं. वाचक मूठभर. पण साक्षीदाराच्या तोंडून नकार, हा नमुना तयार झाला.

मग पुस्तिका. १९७४ साली इंग्लंडमध्ये 'रिचर्ड हारवूड' या नावाने साठ लाखांवर शंका घेणारी एक पातळशी पुस्तिका निघाली. लेखक लंडन विद्यापीठाशी संबंधित असल्याचा दावा होता. खरा लेखक होता रिचर्ड व्हेरॉल, नॅशनल फ्रंट या वंशवादी पक्षाचा माणूस. त्याच दशकात अमेरिकेत आर्थर बट्झ या विद्युत अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाने जाडजूड पुस्तक लिहिलं आणि १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात 'इन्स्टिट्यूट फॉर हिस्टॉरिकल रिव्ह्यू' ही संस्था निघाली. संस्था म्हटलं की परिषद आली, नियतकालिक आलं, तळटिपा आल्या. द्वेषाने ब्राउनशर्ट उतरवून कोट-टाय घातला. हे लोक स्वतःला नाकारणारे म्हणवत नाहीत, 'फेरमांडणी' करणारे म्हणवतात. इतिहासाची फेरमांडणी हे तर प्रत्येक इतिहासकाराचं रोजचं काम. ते चांगलं नाव यांनी पळवलं.

या संस्थेने एक जाहीर आव्हान दिलं: आउश्वित्झमध्ये ज्यूंना गॅस देऊन मारलं हे सिद्ध करा आणि पन्नास हजार डॉलर घ्या. मेल मर्मेलस्टाइन हे आउश्वित्झमधून वाचलेले गृहस्थ पुढे आले. त्यांनी आई-बहिणींना गॅस चेंबरकडे नेताना पाहिलं होतं. संस्था टाळाटाळ करू लागली तेव्हा ते कोर्टात गेले. ऑक्टोबर १९८१ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायाधीशांनी, हे इतकं सर्वज्ञात सत्य आहे की त्याला वेगळा पुरावा लागत नाही, असं नोंदवलं. १९८५ साली संस्थेला नव्वद हजार डॉलर आणि माफी द्यावी लागली. 'सिद्ध करून दाखव, बक्षीस घे' हा डाव आजही रोज खेळला जातो. आता त्याला बक्षीस लागत नाही, एक पोल पुरतो.

या सगळ्यांत माध्यमाची नस ओळखलेला माणूस म्हणजे टोरांटोचा अर्न्स्ट झुंडेल. सत्तरच्या दशकात त्याने नाझींच्या उडत्या तबकड्यांवर पुस्तकं विकली. रेडिओवाल्यांना ज्यूंवर बोलणारा पाहुणा नको होता, तबकड्यांवर बोलणारा हवा होता. आत शिरल्यावर विषय बदलता येतो, हे त्याने पुढे स्वतःच मान्य केलं. आज यूट्यूबवर एखादा तरुण 'प्राचीन रहस्यं' पाहता पाहता कुठल्या कुठे पोचतो, ती वाट झुंडेलने पन्नास वर्षांपूर्वी मळलेली आहे.

याच झुंडेलच्या धंद्यात आपल्याकडचा एक धागा आहे आणि तो मराठी वाचकापासून फारसा लांब नाही. माक्सिमियानी पोर्तास ही फ्रान्समधल्या लियाँची बाई १९३२ मध्ये भारतात आली, सावित्री देवी झाली, कलकत्त्यात असितकृष्ण मुखर्जी यांच्याशी तिने लग्न केलं. १९३९ मध्ये तिचं 'अ वॉर्निंग टू द हिंदूज' आलं, त्याला प्रस्तावना ग. दा. सावरकर म्हणजे बाबाराव सावरकर यांची. युद्धानंतर तिने हिटलरला अवताराच्या पंगतीत बसवणारं लेखन केलं. हे दुकान एका कोपऱ्यात पडून राहिलं असतं. पण १९७८ मध्ये दिल्लीत तिच्या मुलाखती ध्वनिमुद्रित झाल्या आणि झुंडेलने त्यांच्या कॅसेट विकल्या. १९७९ मध्ये त्याने तिचं पुस्तकही नव्याने छापलं. ती १९८२ साली वारली. इंटरनेटवर मात्र ती पुन्हा जिवंत झाली, आणि आज तिचे साडीतले फोटो परदेशातली नवनाझी पोरं मीम म्हणून फिरवतात. भगवी छटा दिलेली ही आवृत्ती आपल्या बाजारात खपायला अधिक सोपी, एवढं सांगून पुढे जातो.

झुंडेलवर कॅनडात १९८५ आणि १९८८ साली खटले झाले. दुसऱ्या खटल्यासाठी त्याने फ्रेड ल्यूष्टर नावाच्या इसमाला पैसे देऊन पोलंडला धाडलं. ल्यूष्टर अमेरिकी तुरुंगांना देहदंडाची यंत्रं पुरवायचा. त्याने आउश्वित्झच्या भिंतींचे तुकडे विनापरवानगी फोडून आणले, प्रयोगशाळेत दिले, आणि सायनाइड नगण्य आहे, सबब इथे गॅस चेंबर नव्हते, असा 'अहवाल' लिहिला. कोर्टात निघालं की इसमाची पदवी बी.ए., विषय इतिहास. अहवालाची गोम समजून घेण्यासारखी आहे. सायनाइड भिंतीत केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाइतकंच मुरतं. याने चांगली जाड ढेकळं दिली आणि प्रयोगशाळेने ती आख्खी कुटली. वरचा पापुद्रा पोटातल्या चुन्या-विटेत विरघळून गेला. हे त्या प्रयोगशाळेच्या रसायनशास्त्रज्ञानेच पुढे कॅमेऱ्यासमोर सांगितलं. शिवाय उवा मारायला जेवढा वायू लागतो त्याच्या कित्येक पटींनी कमी वायूत माणूस मरतो. म्हणून कपडे निर्जंतुक करायच्या खोल्यांच्या भिंतींत सायनाइड अधिक आणि माणसं मारायच्या खोल्यांत कमी. क्राकोच्या न्यायवैद्यक संस्थेने १९९४ मध्ये काळजीपूर्वक तपासणी केली तेव्हा त्या खोल्यांतही ते सापडलं.

हे इतकं सविस्तर लिहिलं, कारण 'अहवाल आहे' या दोन शब्दांत जे बसतं ते खोडायला वरचा आख्खा परिच्छेद लागला. छापील माध्यमात निदान दोघांना सारखीच जागा मिळायची. आता ती सोयही उरली नाही.

अ‍ॅन फ्रँकच्या डायरीचं तसंच. डायरीत बॉलपेनची शाई आहे, बॉलपेन युद्धानंतर आलं, सबब डायरी बनावट, हा दावा तुम्हीही कुठेतरी वाचला असेल. डायरीच्या कागदांत दोन सुट्या चिठ्ठ्यांवर बॉलपेनचं लेखन आहे. ते युद्धानंतर हस्ताक्षर तपासणाऱ्या तज्ज्ञाकडून आलेलं, अ‍ॅनच्या हातचं नाही. नेदरलँड्सच्या युद्ध-दस्तऐवज संस्थेने शाई, कागद, डिंक, अक्षर सगळं तपासून १९८६ मध्ये चिकित्सक आवृत्ती काढली. डिसेंबर १९९८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या कोर्टाने डायरी खोटी म्हणण्याला बंदी घातली. दावा अजून चालूच आहे. त्याची लांबी एक ओळ आहे, म्हणून.

कोट-टायवाल्या पिढीचा शेवट लंडनमध्ये झाला. इतिहासकार डेबोरा लिपस्टाट यांनी १९९३ च्या पुस्तकात डेव्हिड आयर्व्हिंगला नाकारणाऱ्यांचा म्होरक्या म्हटलं. आयर्व्हिंग हा खरोखर दफ्तरं धुंडाळलेला, वाचकप्रिय लेखक. त्याने अब्रुनुकसानीचा दावा लावला. इंग्लंडच्या कायद्यात शाबित करायची जबाबदारी लिपस्टाट यांच्यावर. केंब्रिजचे इतिहासकार रिचर्ड एव्हान्स आणि त्यांचे विद्यार्थी दोन वर्षं आयर्व्हिंगच्या तळटिपा मूळ कागदांशी ताडत बसले. चूक झाली की ती दर वेळी हिटलरच्या फायद्याचीच कशी होते, हे त्यांनी दाखवलं. ११ एप्रिल २००० रोजी न्यायमूर्ती ग्रे यांनी निकाल दिला: आयर्व्हिंग ज्यूद्वेष्टा आहे, वंशवादी आहे आणि त्याने पुरावा जाणूनबुजून वाकवला.

इतका सणसणीत पराभव क्वचित कुणाचा होतो. पण तोवर लढाईची जागाच बदलली होती. १९९५ मध्ये 'स्टॉर्मफ्रंट' हे गोऱ्या वंशवाद्यांचं संकेतस्थळ सुरू झालं, झुंडेलचंही झालं. तिथे तळटीप नको होती, शोधयंत्राच्या पहिल्या पानावर दिसणं पुरे होतं. डिसेंबर २०१६ मध्ये 'होलोकॉस्ट झाला का' असा साधा प्रश्न गूगलला इंग्रजीत विचारला तर सगळ्यात वर उत्तर यायचं ते स्टॉर्मफ्रंटचं. कुणी लाच दिली नव्हती. ज्याला तो घडला हे माहीत आहे तो असा प्रश्न टाइप करत नाही, आणि इतिहासकार असं शीर्षक देत नाहीत. ती मोकळी जागा ज्याने ओळखली त्याने भरली. गार्डियनमध्ये बोंब झाल्यावर गूगलने गणित बदललं.

समाजमाध्यमांवर सूर पुन्हा बदलला. कोट-टायवाला गंभीर होता. मीमवाला हसतो. हसण्यात दोन सोयी आहेत. कुणी पकडलं तर 'गंमत होती', आणि न पकडलं तर काम झालं. भट्टीत बिस्किटं भाजायला किती वेळ लागेल असा गणितातला प्रश्न, साठ लाखांच्या जागी मुद्दाम ओढूनताणून केलेला फुगीर आकडा, ज्यू नावाभोवती तिहेरी कंस. ही परिभाषा माहीत असलेल्याला लगेच कळते आणि यंत्राला कळत नाही. नवनवे दावे इथे देण्याचं मी टाळतो आहे. यादी दिली की तिच्याच प्रती निघतात.

एक मात्र उलगडतो, कारण तो आकड्यांच्या वेषात येतो आणि आकड्याला आपण मान देतो. 'रेड क्रॉसच्या नोंदीनुसार मृत फक्त २ लाख ७१ हजार.' ही संख्या जर्मनीतल्या आरोल्सन इथल्या नोंदणी कार्यालयाची. नातेवाइकाने अर्ज केला, छावणीच्या दफ्तरात त्या माणसाची नोंद सापडली, तर कार्यालय मृत्यूचा दाखला द्यायचं. ज्या कुटुंबाचं अर्ज करायला कुणी उरलंच नाही त्यांचा दाखला निघाला नाही. गाडीतून उतरवून थेट गॅस चेंबरमध्ये नेलेल्यांची छावणीत नोंदच झाली नाही. गोळ्या घालून खंदकात लोटलेल्यांचं तर दफ्तरच नव्हतं. आपल्याकडे तहसील कचेरीतून निघालेले दाखले मोजून महापुरात किती गेले हे ठरवणाऱ्याला आपण काय म्हणू?

दुसरी बाजू कागदावर भक्कम आहे. जानेवारी १९४३ मधली हर्मान होफ्ले या एसएस अधिकाऱ्याची तार ब्रिटिशांनी तेव्हाच पकडली होती. तिचा अर्थ मात्र २००० च्या सुमारास दफ्तर खुलं झाल्यावर अभ्यासकांच्या लक्षात आला. १९४२ अखेरपर्यंत 'ऑपरेशन राइनहार्ड' या ज्यूंच्या हत्येच्या मोहिमेतल्या छावण्यांत आणलेले ज्यू: १२,७४,१६६. मारणाऱ्याने स्वतः ठेवलेला हिशेब. आउश्वित्झमधल्या स्मारकावर सोव्हिएत काळात चाळीस लाख लिहिलं होतं, ते १९९० मध्ये काढलं आणि पुढे सुमारे अकरा लाख हा आकडा पक्का झाला. 'बघा, आकडा कमी झाला, मग एकूण साठ लाख कसे?' असं विचारणाऱ्याला हे माहीत नसतं, किंवा चांगलंच माहीत असतं, की एकूण संख्या त्या पाटीवरून कधी काढलीच नव्हती. राउल हिलबर्ग यांनी १९६१ मध्येच आउश्वित्झचे दहा लाख आणि एकूण एक्कावन्न लाख धरले होते. पुढच्या अभ्यासात एकूण आकडा त्रेपन्न ते बासष्ट लाखांपर्यंत गेला. इतिहासकारांचा वाद आहे तो एवढ्या पट्ट्यातला.

युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांनी २०२२ मध्ये पाहणी प्रसिद्ध केली. होलोकॉस्टविषयीच्या सार्वजनिक मजकुरात नकार किंवा विपर्यास टेलिग्रामवर ४९ टक्के, ट्विटरवर १९, टिकटॉकवर १७, फेसबुकवर ८, इन्स्टाग्रामवर ३. जिथे कुणी झाडू मारत नाही तिथे निम्मा कचरा, एवढं त्यातून दिसतं. फेसबुकच्या झुकरबर्गनी जुलै २०१८ मध्ये, स्वतः ज्यू असून, असा मजकूर काढणार नाही म्हटलं होतं. माणसं चुकू शकतात, असा युक्तिवाद होता. ऑक्टोबर २०२० मध्ये मत बदललं, बंदी आली. त्याआधी जून २०१९ मध्ये यूट्यूबने बंदी घातली होती. मग बोलणारे लांबलचक पॉडकास्टकडे वळले. सप्टेंबर २०२४ मध्ये टकर कार्लसनच्या कार्यक्रमात डॅरिल कूपर या पाहुण्याने जे सांगितलं त्याचा आशय असा, की जर्मनांनी पूर्वेला एवढे कैदी गोळा केले, पण त्यांची सोय करण्याची योजना नव्हती, त्यामुळे माणसं मेली. 'मारली' हे क्रियापद गेलं, 'मेली' उरलं. वानझेच्या कारकुनाला हे वाक्य आवडलं असतं.

आणि आता बोलकं यंत्र. मे २०२५ मध्ये इलॉन मस्क यांच्या कंपनीच्या ग्रोकने साठ लाखांच्या संख्येवर संशय व्यक्त केला. कुणीतरी विनापरवानगी बदल केल्याचं कंपनीने सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने फ्रेंच भाषेत आउश्वित्झच्या गॅस चेंबरना टायफसविरोधी निर्जंतुकीकरणाच्या खोल्या म्हटलं आणि पॅरिसच्या सरकारी वकिलांनी चौकशी लावली. ल्यूष्टरचा माल, जवळजवळ चाळीस वर्षांनी, आत्मविश्वासाच्या आवाजात. उलट्या बाजूनेही घोळ आहे. लाइकसाठी भुकेलेली पानं कधीच नसलेल्या बळींचे कृत्रिम फोटो आणि रडवणाऱ्या कथा टाकतात. आउश्वित्झच्या संग्रहालयाने यावर २०२५ मध्ये जाहीर तक्रार केली. मला हा प्रकार उघड नकारापेक्षा अधिक घातक वाटतो. एक फोटो खोटा निघाला की नाकारणाऱ्याला सगळेच खोटे म्हणता येतात. ऑगस्ट १९४४ मध्ये आउश्वित्झ-बिर्केनाऊच्या कैद्यांनी जिवावर उदार होऊन चोरून काढलेले चार फोटो आहेत, धूसर, तिरके. त्यांच्यापुढे यंत्राने बनवलेला गुळगुळीत फोटो अधिक 'खरा' दिसतो.

आपल्याकडे हे सगळं कोणत्या रूपात पोचतं? सकाळच्या सुविचाराच्या. माझ्या सोसायटीच्या ग्रुपवर फुलांच्या शुभेच्छांखाली एक वाक्य आलं. मी सगळ्या ज्यूंना मारू शकलो असतो, पण थोडे ठेवले, म्हणजे मी का मारलं ते जगाला कळेल. खाली नाव हिटलर. हे हिटलरचं वाक्य नाही; त्याच्या कुठल्याही भाषणात वा लेखनात ते सापडत नाही. पण उपखंडात ते वर्षानुवर्षं फिरतंय. टाकणारे काका निवृत्त, सज्जन, वाढदिवसाला न विसरता फोन करणारे. मी विचारलं, हे कुठलं? म्हणाले, "माझं नाही हो, आलं तसं पुढे पाठवलं." हा या माध्यमाचा सगळ्यात मोठा शोध असावा. रासिनिएला सही करावी लागली, हारवूडला निदान टोपणनाव घ्यावं लागलं, ल्यूष्टरला उलटतपासणीत उभं राहावं लागलं. 'आलं तसं पुढे पाठवलं' याला लेखकच नाही.

आणखी एक. त्या फॉरवर्डमध्ये हत्या कबूल आहे, वर समर्थनही आहे. पुढच्या आठवड्यात त्याच ग्रुपवर 'साठ लाख ही अतिशयोक्ती' असं आलं तर कुणालाही विसंगती जाणवणार नाही. झालंच नाही आणि झालं ते बरं झालं, ही दोन वाक्यं एकमेकांना छेद देतात असं आपल्याला वाटतं. मुरलेल्या नाकारणाऱ्यांकडे ती एकाच खिशात असतात. समोरचा कोण, ते बघून बाहेर येतात.

गाझातल्या युद्धानंतर हा खिसा दोन्ही बाजूंनी भरला. इस्रायली सरकारवर, त्याच्या बॉम्बफेकीवर टीका करणं म्हणजे ज्यूद्वेष नव्हे, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. पण त्या रागाच्या भरात 'हिटलर बरोबर होता' लिहिणारा पॅलेस्टिनी मुलाचं काही भलं करत नाही. आणि ७ ऑक्टोबर २०२३ ची हमासने केलेली हत्याच नाकारणारा असो की गाझातली लहान मुलं 'नाटक करतात' म्हणणारा, दोघांनी अवजारं एकाच दुकानातून घेतली आहेत.

कायद्याचं थोडक्यात. जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्समध्ये नकार हा गुन्हा आहे. आयर्व्हिंग ऑस्ट्रियात तेरा महिने आत होता. अमेरिकेत तो गुन्हा नाही. आपल्याकडे वेगळा कायदा नाही आणि माझ्या मते तो नसलेलाच बरा. झुंडेलला कॅनडातल्या खटल्यांनी जेवढी प्रसिद्धी दिली तेवढी त्याच्या पुस्तकांनी दिली नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २० जानेवारी २०२२ रोजी नकाराचा निषेध करणारा ठराव केला, तो मतदानाविना मंजूर झाला. ठरावाने फॉरवर्ड थांबत नाही.

आपल्याकडे त्याहून जवळचं काहीतरी आहे, पण ते आपण वापरत नाही. नववीच्या एनसीईआरटी पुस्तकातून नाझीवादावरचं आख्खं प्रकरण वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. वि. ग. कानिटकरांचं 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' मराठी घराघरांत वाचलं गेलं. हिटलरपासून पळून आलेली माणसं मुंबईत राहिली. त्यांच्यासाठी १९३४ मध्येच इथल्या ज्यूंनी मदत संस्था काढली. श्लेसिंगर, फॉन लायडन, लांगहॅमर यांनी हुसेन, रझा, आरा यांची चित्रं विकत घेतली, त्यांच्यावर लिहिलं, त्यांना हात दिला. युद्ध पेटल्यावर अशातल्याच कित्येकांना जर्मन म्हणून 'शत्रूचे नागरिक' ठरवून इंग्रजांनी पुरंदरावर ठेवलं. आकाशवाणीची जी धून ऐकत आपले आजोबा उठायचे, तिचं श्रेय वॉल्टर काउफमान यांना देतात. ते १९३४ मध्ये प्रागहून मुंबईला आलेले ज्यू संगीतकार. ही माणसं इथे का आली, या प्रश्नाचं उत्तर काकांना मराठीत देता येतं, त्यासाठी पोलंडला जावं लागत नाही.

आणि कुणी गणितच काढलं तर एक साधा उलट प्रश्न विचारावा. पोलंडमध्ये १९३९ साली सुमारे तेहतीस लाख ज्यू होते. युद्धानंतर दहातला एक उरला. बाकीचे गेले कुठे? ऐंशी वर्षांत कुठल्याही पुस्तिकेने, परिषदेने, मीमने याचं उत्तर दिलेलं नाही.

शेवटी दोन तारखा. सप्टेंबर २०२० मध्ये इन्स्टाग्रामवर एका कार्टूनमधल्या स्क्विडवर्ड या पात्राच्या तोंडी होलोकॉस्टविषयीच्या 'गमतीदार गोष्टी' घालणारं चित्र कुणीतरी टाकलं. त्यात नकाराचे जुनेच दावे होते. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीची, म्हणजे फेसबुकची, बंदी लागू झाली. चित्राविरुद्ध सहा वेळा तक्रार झाली. चार यंत्राने निकालात काढल्या, दोन माणसांनी पाहिल्या, आणि सहाही वेळा चित्र जागच्या जागी राहिलं. प्रकरण कंपनीच्या देखरेख मंडळाकडे गेलं तेव्हा २०२३ मध्ये ते चित्र निघालं, आणि मंडळाचा निर्णय आला जानेवारी २०२४ मध्ये. तीन वर्षं. खारघरची पाटी काही दिवसांत उतरली होती. तिथे दुकानाला दार होतं, आणि बेने इस्रायली माणसं त्या दारातून आत जाऊन मालकासमोर बसली होती.